यंत्राची किल्ली शेतकऱ्याच्या हाती हवी

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात भावाची चर्चा झाली, कर्जाची झाली. आता मी जे बोलणार आहे ते ऐकून काही जण म्हणतील की, हा आंदोलनाचा विषय सोडून भलतीकडेच निघाला. समोर टेबलावर हा हिरवट-काळा तुकडा ठेवला आहे. काडेपेटीत मावेल एवढा. याच्यावर एक छोटा कॅमेरा आहे, एक छोटा संगणक आहे आणि आजूबाजूला सोळा पिना आहेत. बाजारात हा बोर्ड हजार रुपयांच्या आत मिळतो. याला वीज कशी द्यायची आणि याच्यात आपला हुकूम कसा भरायचा, एवढेच आज मला सांगायचे आहे. भाषण संपले की मागच्या खोलीत चार पेट्या उघडून ठेवल्या आहेत. ज्यांना हात लावून पाहायचे असेल त्यांनी तिकडे यावे.

पण आधी हे कशासाठी, ते सांगतो.

आठ पतंगांचा हिशेब

आपला जिल्हा कापसाचा. २००२ साली देशात बीटी कापसाला मान्यता मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बीटी आले. सुरुवातीला बोंडअळ्यांच्या फवारण्या कमी झाल्या, हे आपण सर्वांनी आपल्या वावरात पाहिले. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे विसरू नका. पिकात अळी दिसत नाही, पण ती आहे ही धास्ती असते. मग माणूस पाठीवर पंप घेऊन शेजाऱ्याने मारले म्हणून मारत सुटतो.

शास्त्र काय सांगते? कामगंध सापळे हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर समजा की नुकसानीची पातळी आली. त्याआधी फवारणीची गरज नाही. सोपा नियम आहे. पण खरे सांगा, तुमच्यापैकी किती जण सापळा लावल्यानंतर रोज सकाळी जाऊन पतंग मोजतात? हात वर करायला मी सांगत नाही. मी स्वतः कृषी पदवीधर, दहा वर्षे लोकांना हा नियम सांगत फिरलो, आणि माझ्या स्वतःच्या वावरातले सापळे दिवाळीपर्यंत कोळिष्टकांनी भरलेले असत. वावर गावापासून तीन किलोमीटर, सकाळी दूध काढायचे, मजूर गोळा करायचे. सलग तीन दिवसांची मोजणी होत नाही. आणि सलग मोजणी नसेल तर त्या आठ आकड्याला अर्थच राहत नाही.

म्हणून हा बोर्ड. त्रिकोणी छपराचा चिकट तळाचा सापळा घ्यायचा, छपराला आतून हा कॅमेरा लावायचा, खाली चिकट कागद. कॅमेरा ठरल्या वेळी फोटो काढील. कालच्या फोटोत अकरा पतंग, आजच्या फोटोत एकोणीस, म्हणजे रात्री आठ आले. मोजायला कोणी शास्त्रज्ञ नको, शाळेतली पोरगी मोजील.

पेटी कोणाची?

यावर तुम्ही म्हणाल, अशा पेट्या कंपन्या विकतात, त्या घेऊ. घ्या ना, माझी हरकत नाही. आपण बाजाराच्या विरोधात कधीच नव्हतो. पण एक अनुभव सांगतो. माझ्या ओळखीच्या एका द्राक्षबागायतदाराने एका कंपनीकडून हवामानाची पेटी घेतली. खांब त्याच्या बागेत, सौर पट्टी त्याच्या बागेत, पाऊस त्याच्या बागेतला. दुसऱ्या वर्षी वर्गणी भरायला उशीर झाला. पेटीवरचा दिवा लुकलुकत होता, आतली मापे चालू होती, पण त्याच्या मोबाइलवर काही दिसेना. आधीच्या वर्षाच्या नोंदीही मिळेनात. म्हणजे त्याच्या बागेत पाऊस किती पडला हे कंपनीला ठाऊक आणि त्याला नाही!

शरद जोशींनी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी लावून धरली. त्या मागणीसाठी २०१९ साली अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला बंदी असलेले बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह झाला. बियाणे कोणते वापरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, ही ती मागणी. यंत्राच्या बाबतीत तिचा अर्थ इतकाच की, यंत्राला पोटाला काय घालायचे आणि त्याने काय करायचे, हे ज्याला बदलता येते त्याचे ते यंत्र. बाकी सगळे भाड्याचे बैल.

आता कामाचे बोलू. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न पोटाचा

या बोर्डाचे नाव ईएसपी-३२ कॅम. त्यावरची चिप एस्प्रेसिफ नावाच्या शांघायच्या कंपनीची. कॅमेरा ओव्ही-२६४० जातीचा, दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे १६०० गुणिले १२०० ठिपक्यांचा फोटो. मेमरी कार्डाची खाच वरच आहे. वाय-फाय आहे, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झचे. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर याला तो दिसतच नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो २.४ वर आणा. पोरे दोन-दोन दिवस यात अडकून पडलेली मी पाहिली आहेत.

याला ५ व्होल्ट लागतात. आणि शंभरातले नव्वद बोर्ड 'खराब निघाले' म्हणून कोपऱ्यात पडतात ते विजेपायी, असे मी म्हणेन. तुमच्या डीपीवर संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की काय होते? व्होल्टेज पडते, मोटार घूं घूं करते, पाणी काही उचलत नाही. या बोर्डाचेही तेच. एरवी तो शांत असतो, पण वाय-फाय चालू होण्याच्या क्षणी एकदम जोरात वीज ओढतो. तार बारीक आणि लांब असेल, सेल अशक्त असेल, तर तेवढ्या क्षणापुरते व्होल्टेज पडते आणि बोर्ड स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. संगणकाला जोडून पाहिले तर पडद्यावर 'ब्राउनआऊट' असा शब्द दिसतो. तो शब्द दिसला की प्रोग्रॅममध्ये चूक शोधू नका. तार आखूड करा, जाड करा, २ ॲम्पिअर देणारा चार्जर लावा, आणि ५ व्होल्ट व ग्राउंड या दोन पिनांमध्ये एक ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पाण्याच्या लाइनवर छोटी टाकी बसवतो तसे हे आहे. तो बसवताना उलटसुलट होऊ देऊ नका. त्याच्या अंगावर वजा बाजूची पट्टी असते.

वावरात चार्जर कुठला? तिथे सेल हवा. पंपाच्या विजेवर भिस्त ठेवू नका, ती कधी येते आणि कधी जाते हे मी तुम्हाला काय सांगावे! आपण १८६५० नावाचा लिथियमचा गोल सेल घेतो. चांगला सेल २५०० मिलीॲम्पिअर-तासांचा असतो, ३.७ व्होल्टचा. त्याचे ५ व्होल्ट करायला बूस्ट कन्व्हर्टर लागतो, आणि त्यात पंधरा टक्के तरी वीज वाया जाते. सगळे वजा जाता ५ व्होल्टवर आपल्या हाती सुमारे १५७० मिलीॲम्पिअर-तास उरतात. ही आपली शिदोरी. आता ती किती दिवस पुरते याचा हिशेब नीट ऐका, कारण सगळे शहाणपण या हिशेबात आहे.

बोर्ड जागा असताना दिवा न लावता सुमारे १८० मिलीॲम्पिअर खातो. फ्लॅशचा दिवा पूर्ण लावला तर ३१० पर्यंत जातो. १५७० ला १८० ने भागा. पावणेनऊ तास! आम्ही पहिल्या वर्षी तीन पेट्या लावल्या त्या अशाच, रात्रंदिवस जाग्या ठेवून. संध्याकाळी सहाला लावल्या, पहाटेपूर्वीच तिन्ही गार. सकाळी जाऊन पाहतो तर एकीतही सकाळचा फोटो नाही. गावातली माणसे बांधावर उभी राहून हसत होती, आणि त्यांचे काही चुकत नव्हते.

मग कोणी तरी सांगितले, बोर्डाला झोपवा. याला डीप स्लीप म्हणतात. प्रोग्रॅममध्ये सांगायचे की, फोटो काढ, साठव, दोन तास झोप, मग पुन्हा ऊठ. एका वेळी जागेपण वीस सेकंदांचे. जागेपणी सरासरी २०० मिलीॲम्पिअर धरले तर एका खेपेला १.१ मिलीॲम्पिअर-तास लागतात. दिवसाच्या बारा खेपा, म्हणजे साधारण १३. आम्हाला वाटले, आता सेल चार महिने पुरणार. तो दहाव्या दिवशी संपला.

कारण काय? झोपेतही हा बोर्ड ६ मिलीॲम्पिअर खातो. ऐकायला किरकोळ वाटते. पण चोवीस तासांचे १४४ होतात! कामाला १३ आणि झोपेला १४४. मिळून १५७, आणि १५७० ला १५७ ने भागले की दहा दिवस. मूळ चिप झोपेत फार थोडी खाते, मायक्रोॲम्पिअरमध्ये. पण बोर्डावरचा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर, कॅमेरा, जादाची मेमरी ही मंडळी जागीच असतात. शेतकऱ्याच्या घरात मोठा खर्च बियाण्याचा दिसतो, पण घर बुडते ते रोजच्या व्याजाने. तसेच हे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा. एक वॅटची सौर पट्टी लावा. रोजचा खर्च ५ व्होल्टवर १५७ मिलीॲम्पिअर-तास, म्हणजे पाऊण वॅट-तासापेक्षा थोडा जास्त. निरभ्र दिवशी एक वॅटची पट्टी चार तास पूर्ण ताकदीने चालली असे धरा, त्यातले निम्मे वाया गेले असेही धरा, तरी दोन वॅट-तास मिळतात. श्रावणातल्या झडीत पट्टी फारसे काही देणार नाही, पण दहा दिवसांची शिदोरी सेलमध्ये असतेच. सेल भरायला टीपी-४०५६ नावाची छोटी चार्जर पट्टी मिळते. सेल जास्त भरू न देणारी आणि जास्त रिकामा होऊ न देणारी, संरक्षण असलेली जातच घ्या. तिला ५ किंवा ६ व्होल्टची सौर पट्टी चालते. फवारणी पंपाची १२ व्होल्टची पट्टी घरात पडून आहे म्हणून तिला थेट जोडाल तर चार्जर जळेल.

दुसरा उपाय पक्का. झोपवायचेच नाही, मुळापासून तोडायचे. टीपीएल-५११० नावाची टायमर चिप येते. ती स्वतः जवळपास काही खात नाही. सेल आणि बूस्ट कन्व्हर्टर यांच्या मध्ये तिला बसवायची. ती जास्तीत जास्त दोन तासांच्या अंतराने वीज सोडते. बोर्ड उठतो, काम करतो, आणि काम झाले की एका पिनेवरून तिला 'झाले' असा इशारा देतो. ती वीज तोडते. मग रोजचा खर्च फक्त १३. हिशेबाने सेल १२० दिवस पुरतो. सेल स्वतःही थोडा झिरपतो, म्हणून तीन महिने धरा. फुले लागल्यापासून वेचणीपर्यंत सेल एकदाच बदलायचा.

तीन गोष्टींना जपा. बूस्ट कन्व्हर्टर घेतला की तो बोर्डाला जोडण्याआधी मल्टीमीटर लावून स्क्रू फिरवून बरोबर ५ व्होल्टवर आणा. तो २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आमचा एक बोर्ड असाच मोजल्याविना जोडला आणि डोळ्यांदेखत गेला. दुसरे, अधिक-वजा उलटे झाले तर दुसरी संधी मिळत नाही. तिसरे, लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे उन्हात बंद पेटी किती तापते हे सांगायला नको. सौर पट्टी उन्हात, सेल मात्र सावलीत, पांढऱ्या पेटीत. जुन्या लॅपटॉपचे फुगलेले, गंजलेले सेल स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. घरात पोरेबाळे आहेत.

हुकूम भरणे

आता प्रोग्रॅम. हा शब्द ऐकला की आपली माणसे मागे सरकतात. अहो, बोअरच्या स्टार्टरला ऑटो बसवून वीज आली की मोटार चालू व्हावी अशी सोय तुम्ही केलीच ना? तोही हुकूमच. इटलीत इव्हरिया नावाच्या गावी २००५ साली विद्यार्थ्यांना सोपे जावे म्हणून आर्डुइनो नावाची पद्धत निघाली. तिचा संगणकावरचा प्रोग्रॅम फुकट आहे, आणि या बोर्डालाही ती चालते. त्यात आधी ईएसपी-३२ च्या बोर्डांची यादी उतरवून घ्यायची आणि यादीतून 'एआय थिंकर ईएसपी-३२ कॅम' हे नाव निवडायचे. उदाहरणादाखल लिहिलेले कॅमेऱ्याचे प्रोग्रॅम तयारच मिळतात. पहिल्या दिवशी तोच एक चढवा आणि चित्र दिसले की मग पुढे जा.

अडचण अशी की, या बोर्डाला संगणकाची वायर लावायला जागाच नाही. त्यासाठी यूएसबी-सिरीयल जोडणी घ्यावी लागते, किंवा याच्याखाली बसणारी तयार पाटी मिळते, तिला 'एमबी' म्हणतात. नवख्याने पाटीच घ्यावी. सुटी जोडणी वापरणार असाल तर ५ व्होल्टला ५ व्होल्ट, ग्राउंडला ग्राउंड, आणि बोलण्याची तार ऐकण्याच्या तारेला. दोघेही बोलले तर ऐकणार कोण? मग आयओ-शून्य ही पिन ग्राउंडला जोडायची, रीसेटचे बटण दाबायचे, आणि प्रोग्रॅम चढवायचा. चढला की ती तार काढायची आणि पुन्हा रीसेट. तार काढायला विसरलात तर बोर्ड नवा प्रोग्रॅम येण्याची वाट पाहत बसतो, काम करत नाही. आणि संगणकाला बोर्ड दिसलाच नाही तर आधी केबल बदला. मोबाइलच्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहितीच्या नसतात.

प्रोग्रॅमचा क्रम मराठीत सांगतो. ऊठ. तापमान आणि आर्द्रता वाच. कॅमेरा सुरू कर. पहिले दोन-तीन फोटो टाकून दे, कारण उठल्याउठल्या त्याला उजेडाचा अंदाज नसतो. पुढचा फोटो कार्डावर साठव. त्याच नावाने मापे एका ओळीत लिही. इशारा दे आणि बंद हो. एवढेच. यात लक्षात ठेवायचे ते असे की, वीज तोडली की बोर्डाला मागचे काही आठवत नाही. हा कितवा फोटो, हे त्याने कार्डावर पाहूनच ठरवायचे. घड्याळही चालू राहत नाही. दोन तासांच्या अंतराने फोटो येतात, त्यातले रात्रीचे काळे निघतात. काळ्यानंतरचा पहिला उजळ फोटो तो सकाळचा. मोजणी त्याच्यावर करा. रात्री दिवा लावू नका. वीजही जाते आणि उजेडाने नको ते किडेही येतात.

कॅमेऱ्याविषयी एक. याचे भिंग दूरचे दिसावे असे कारखान्यात बसवून गोंदाने पक्के केलेले असते. वीतभर अंतरावरचा पतंग त्याला धूसर दिसतो. गोंद हलक्या हाताने सोडवून भिंग डावीकडे थोडे थोडे फिरवा आणि फोटो पाहत जा. छापील कागदावरची अक्षरे स्वच्छ वाचता आली की थांबा.

सेन्सर आणि माती

पिनांची एक गोम आहे. कार्ड, कॅमेरा आणि मेमरी यांनी बहुतेक पिना आधीच अडवल्या आहेत. कार्डाला प्रोग्रॅममधून एका तारेवर काम करायला सांगितले की १२ आणि १३ या दोन मोकळ्या होतात. पिन ४ ही मोकळी होते, पण तिच्यावर फ्लॅशचा दिवा आहे. तापमान-आर्द्रतेचा डीएचटी-२२ सेन्सर १३ वर लावा. १२ वर काही लावताना सांभाळा. सुरू होण्याच्या क्षणी तिच्यावर व्होल्टेज असेल तर बोर्ड उठतच नाही.

मातीचा ओलावा मोजायचा असेल तर दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका. मातीत वीज वाहून त्या दांड्या काही आठवड्यांत गंजून जातात. कपॅसिटिव्ह म्हणतात तो घ्या, त्याच्या वरच्या भागातले सुटे भाग आणि कडा रंगाने किंवा नेलपॉलिशने बंद करा. आणखी एक गोम अशी की, वाय-फाय चालू असताना या मोकळ्या पिनांवर असे माप वाचता येत नाही. आधी वाचा, मग वाय-फाय लावा. कार्डावरच साठवत असाल तर हा प्रश्न येत नाही.

पण सेन्सर जो आकडा देतो तो ओलावा नव्हे, हे मी शेतकी शाळेचा माणूस म्हणून ठासून सांगतो. तो फक्त आकडा असतो. आम्हाला कॉलेजात शिकवले ते असे: माती तोला, भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवा, पुन्हा तोला, जे वजन घटले ते पाणी. तुमच्या वावरातली माती एकदा कोरडी, एकदा भिजवून निथळलेली, एकदा मधली अशी तीन वेळा सेन्सरने वाचा आणि तीच माती अशी तोलून घ्या. मग तुमच्या वावराचा आकडा तुम्हाला कळेल. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात. भेगेत अडकलेला सेन्सर हवेचा ओलावा सांगतो.

यंत्राच्या भरवशावर झोपू नका

यंत्र पतंग दाखवते, अळी दाखवत नाही. सापळ्यात येतो तो नर. फुलोऱ्यात डोमकळ्या दिसतात का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावी लागतात. वीसात दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, तीही नुकसानीची पातळी. ते काम वेचणीला जाणाऱ्या बाया आपल्यापेक्षा चांगले करतात. त्यांना विचारा, त्यांना सगळे ठाऊक असते. शिवाय पेटीत मुंग्या शिरतात, काचेवर बाष्प धरते, कोळी जाळे विणतो. आठवड्याला एकदा तरी पेटी उघडून पुसावी लागते. मोटारीला वंगण लागते तसे.

काय करायचे?

माझे म्हणणे तीन गोष्टींत सांगून संपवतो.

एक. प्रत्येक तालुक्याने एक टेबल लावावे. त्यावर मल्टीमीटर, सोल्डरिंगची कळ, एक जुना संगणक आणि चार बोर्ड. आयटीआय झालेली पोरे आणि पोरी गावोगाव रिकाम्या बसल्या आहेत. आमच्या पेट्यांचा दहा दिवसांचा घोळ अशाच एका पोरीने मल्टीमीटर लावून उलगडला. आम्ही पदवीधर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो होतो आणि तिने झोपलेल्या बोर्डाची वीज मोजली.

दोन. कापसाला पाती लागण्याआधी प्रत्येक गावात निदान एक पेटी लागावी. तिच्या शेजारी एक साधा सापळा लावावा आणि तो हाताने मोजावा. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहावेत. पेटी खोटे बोलत असेल तर ते आपल्याला आधी कळले पाहिजे. फवारणी केली तर कोणत्या आकड्यावर केली, तेही त्या वहीत लिहा. शेजाऱ्याने मारले म्हणून मारले असेल तर तसे लिहा.

तीन. कार्ड गावात राहील. ज्याला नोंदी हव्या असतील त्याने मागाव्यात; सरकारने, विद्यापीठाने, कंपनीने, कोणीही. द्यायच्या की नाही आणि काय भावाने, ते ज्याच्या वावरातल्या त्या नोंदी आहेत तो ठरवील. आपला कापूस दुसऱ्याच्या भावाने गेला, आपली माहिती तरी तशी जाऊ नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वह्या घेऊन या. ज्यांच्या पेट्या बंद पडतील त्यांनी आधी यावे, कारण शिकायला मिळेल ते त्यांच्याकडूनच. आता मागच्या खोलीत चला. पहिली पेटी मी उघडतो, दुसरी तुम्ही उघडा.